चाळणीच्या उपमेची झाडाझडती

हवा किंवा वायू शुद्ध करण्याविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्यात एक शब्द हमखास भेटतो, तो म्हणजे चाळणी. पाठ्यपुस्तकात भेटतो, वर्तमानपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांत भेटतो, आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत तर तो घोटूनच घेतलेला असतो. विषय उष्णता सोसणाऱ्या सच्छिद्र सिरॅमिक पटलांचा असेल तर वाक्य साधारण असे असते: या पटलाला अतिशय बारीक छिद्रे असतात, त्यांतून शुद्ध वायू पुढे जातो आणि घाण मागे राहते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिठाची चाळणी उभी राहते. कोंडा वर, पीठ खाली. मुले मान डोलावतात आणि शिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतात. आमचे म्हणणे असे की, या एका वाक्यात विज्ञानाच्या दृष्टीने जे सर्वांत गमतीचे आहे तेच गाळले गेले आहे, आणि जे उरले आहे ते बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नांदेडनंतर लोह्यावरून पुढे अहमदपूर, लातूरकडे जातो. या रस्त्यावर मालमोटारी, जीप, टेम्पो यांची रीघ असते. भारतात १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' ही प्रदूषण मानके सर्वत्र लागू झाली, आणि तेव्हापासून विकल्या गेलेल्या डिझेल मोटारींच्या व मालमोटारींच्या धुराड्यात सिरॅमिकचा एक गाळक बसलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला 'डीपीएफ' म्हणतात. लांबलचक नाव डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. म्हणजे ज्याला आपण प्रयोगशाळेतली अद्भुत वस्तू समजतो ते उष्णतारोधक सच्छिद्र सिरॅमिक आता लोह्याच्या बस थांब्यासमोरून दिवसातून शेकडो वेळा जाते. गावाचे नाव लोहा, पण काम मात्र मातीचे!

हा गाळक आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. एका चौरस इंचात दोनशे ते तीनशे उभ्या नळ्या. गंमत अशी की यातली प्रत्येक नळी एका बाजूने बंद असते. एका नळीचे पुढचे तोंड उघडे असेल तर शेजारच्या नळीचे पुढचे तोंड बुजवलेले आणि मागचे उघडे. त्यामुळे इंजिनातून आलेला धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट बंद, म्हणून त्याला नळीच्या भिंतीतूनच शेजारच्या नळीत जावे लागते. भिंतीची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर. ही भिंत सच्छिद्र आहे, तिच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो.

आता चाळणीच्या उपमेची परीक्षा घेऊ. या भिंतीतल्या छिद्रांचा व्यास सरासरी १० ते २० मायक्रोमीटर असतो. डिझेलच्या काजळीचे कण बहुतांशी ०.०२ ते ०.३ मायक्रोमीटरचे. १० मायक्रोमीटरचे छिद्र आणि ०.१ मायक्रोमीटरचा कण घेतला तर छिद्र कणाच्या शंभरपट रुंद झाले. घराचे दार ९० सेंटीमीटर रुंद धरले तर कण झाला ९ मिलिमीटरचा, म्हणजे हरभऱ्याच्या एका दाण्याएवढा. दार सताड उघडे आहे आणि त्यातून हरभऱ्याचा दाणा पलीकडे जाऊ शकत नाही, असे कोणी सांगितले तर आपण त्याला हसू. चाळणीच्या नियमाने या गाळकातून सगळी काजळी सरळ पार व्हायला हवी. प्रत्यक्षात चांगल्या स्थितीतला डीपीएफ ९५ टक्क्यांहून अधिक कण अडवतो. मग हे कण अडतात कशाने?

कापसाच्या हंगामात मराठवाड्यातल्या कोणत्याही रस्त्याने जा. कापसाने भरलेल्या गाड्या गेल्या की कडेच्या बाभळींना आणि बोरींना कापसाचे पुंजके लटकलेले दिसतात. बाभळीच्या दोन फांद्यांमधली फट पुंजक्यापेक्षा कितीतरी मोठी असते. पुंजका फटीत मावला नाही म्हणून अडकला असे होत नाही. जाता जाता तो काट्याला टेकला आणि चिकटला. गाळकाच्या भिंतीतही छिद्र म्हणजे आरपार सरळ भोक नसते. ती वाकडीतिकडी, रुंद होणारी, निमुळती होणारी, एकमेकींत शिरणारी भुयारे असतात. भुयाराच्या भिंतीला टेकलेला सूक्ष्म कण रेणूंमधल्या क्षीण आकर्षणानेही चिकटून बसतो, कारण इतक्या लहान कणाला पुन्हा सोडवून नेण्याइतका जोर संथ वाहणाऱ्या वायूत नसतो. पिठाच्या चाळणीत चिकटणे हा दोष आहे, इथे तेच मुख्य काम आहे.

बाभळीची उपमाही पुरी पडत नाही, हे इथेच सांगून टाकू. कापसाच्या पुंजक्याला वारा नेईल तिकडे जावे लागते. काजळीचा कण मात्र स्वतः थरथरत असतो. भोवतालचे वायूचे रेणू त्याला सर्व बाजूंनी सतत धडका देतात, आणि कण इतका हलका असतो की त्या धडकांनी तो वेडावाकडा भरकटतो. ही ब्राउनीय गती. परागकणांचा प्रयोग आपण वर्गात सांगतो आणि त्याचा उपयोग काय असे कुणी विचारले की अडखळतो. उपयोग इथे आहे. वायू या भिंतीतून सेकंदाला काही सेंटीमीटर एवढ्याच वेगाने जातो. वेग ३ सेंटीमीटर धरला तर ०.३ मिलिमीटर जाडी पार करायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात ०.१ मायक्रोमीटरचा कण नेहमीच्या तापमानाला आडवा-तिडवा साधारण ३ ते ४ मायक्रोमीटर सरकतो. १० मायक्रोमीटर रुंदीच्या भुयारात एवढे भरकटणे भिंतीला जाऊन आदळायला बरेचदा पुरते. आणि कण ०.०२ मायक्रोमीटरचा असेल तर? तो तेवढ्याच वेळात १६ मायक्रोमीटरच्या आसपास भरकटतो. म्हणजे तो भिंतीला लागणार हे जवळजवळ नक्कीच.

हे वाक्य फळ्यावर लिहावे असे आम्हाला वाटते: लहान कण मोठ्या कणापेक्षा सहज अडतो. चाळणीच्या नियमाच्या हे अगदी उलट आहे. अर्थात फार मोठे कणही सहज अडतात, कारण वळणावर त्यांना वायूबरोबर वळता येत नाही आणि ते सरळ जाऊन भिंतीवर आपटतात. भरधाव मालमोटार वळणावर रस्ता सोडते तसे. निसटून जाण्याची सर्वांत जास्त शक्यता असते ती मधल्यांची, साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोमीटरच्या कणांची. ते नीट भरकटण्याइतके हलके नसतात आणि आपटण्याइतके जडही नसतात. पुढे काजळीचा पातळ थर नळीच्या आतल्या बाजूला बसला की तो थरच गाळकाचे काम करू लागतो आणि मधलेही अडतात. थोडा मळलेला गाळक नव्यापेक्षा चांगला, ही आणखी एक गोष्ट चाळणीच्या उपमेत बसत नाही.

कुणी म्हणेल, एवढी बारीक चिकित्सा कशाला? शाळेत ढोबळ कल्पना आली म्हणजे झाले. हा आक्षेप आम्ही एरवी मान्य केला असता. पण ढोबळ कल्पनेची किंमत काय असते ते २०२० साली सगळ्यांनी पाहिले आहे. कोरोनाचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रोमीटरचा, मुखपट्टीच्या धाग्यांमधल्या फटी त्याहून कितीतरी मोठ्या, तेव्हा मुखपट्टी लावणे म्हणजे डासांसाठी तारेचे कुंपण घालणे, असा युक्तिवाद गावोगाव ऐकू येत होता. तो करणारे अडाणी नव्हते. उलट, शाळेत गाळण्याचा धडा मन लावून शिकलेली माणसेच तो करत होती आणि त्या धड्यावरून निघणारे ते अचूक अनुमान होते. चूक अनुमानात नव्हती, धड्यात होती. विषाणू बहुधा थेंबांतून व तुषारांतून प्रवास करतो हा एक मुद्दा झालाच. पण सुटा विषाणू धरला तरी चांगल्या मुखपट्टीतले तंतू त्याला वर सांगितलेल्या मार्गांनीच पकडतात, आणि त्यातल्या विद्युतभारित तंतूंची ओढ त्यात भर घालते.

दुसरी किंमत रस्त्यावर मोजली जाते. गाळकात साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते. ती सुमारे ६०० अंश सेल्सिअसला पेटते. उत्प्रेरकाच्या मदतीने तयार झालेला नायट्रोजन डायऑक्साइड असेल तर तीनशेच्या आसपासही हळूहळू जळते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. लोहा-कंधारसारख्या जवळच्या खेपा, दर फर्लांगाला थांबणे, इंजिन चालू ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहणे, असे झाले की धुराडे पुरते तापत नाही, काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डावर दिवा लागतो. मग सल्ला मिळतो, "जाळी तुंबली, काढून टाका." जाळी हा शब्द पाहा. जाळी आहे म्हटल्यावर ती तुंबणार, आणि तुंबली की सळईने मोकळी करायची किंवा आतून पोखरून डबा तसाच बसवून द्यायचा, हे ओघाने आलेच. गाडी पळू लागते, मालकाला वाटते सुटलो. असे करणे नियमाविरुद्ध आहे हे तर खरेच. पण ज्या माणसाला तो गाळक रोज आत शिरलेल्या काजळीचे काय करतो हे कधी कोणी सांगितलेच नाही, त्याच्याकडून गाडी महिन्यातून चारदा महामार्गावर नेण्याची अपेक्षा कशी धरायची?

आणि पोखरलेल्या गाळकातून जे बाहेर पडते ते दिसतही नाही. पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीचा धूर प्रकाश किती अडवतो ते पाहतात, कणांची मोजदाद त्यात होत नाही. म्हणूनच नव्या मानकांत दोन वेगळ्या मर्यादा आहेत. डिझेल मोटारीला दर किलोमीटरला कणांचे वजन ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवे (आधीच्या मानकात ते २५ मिलिग्रॅम होते), आणि शिवाय कणांची संख्याही ६ वर अकरा शून्ये यापेक्षा कमी हवी. संख्या वेगळी का मोजायची? कारण बारीक कणांना वजन जवळजवळ नसते, पण फुप्फुसात खोलवर तेच जातात. वजनाने उत्तीर्ण झालेली गाडी संख्येने नापास होऊ शकते. गणिताच्या तासाला देण्यासारखे उदाहरण आहे.

सिरॅमिकच का, याविषयी आपल्याकडे 'उष्णता सहन करते' एवढ्यावर भागवतात. उष्णता लोखंडही बऱ्यापैकी सहन करते. खरा प्रश्न वितळण्याचा नाही, फुगण्याचा आहे. काजळी पेटते तेव्हा गाळकाचा एक भाग अचानक शेकडो अंशांनी तापतो आणि शेजारचा तुलनेने गार असतो. गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की जे होते तेच इथे व्हायचे. २५ सेंटीमीटर लांबीची पोलादी पट्टी ६०० अंशांनी तापवली तर सुमारे १.८ मिलिमीटर वाढते. कॉर्डिएराइट या सिरॅमिकची तेवढीच पट्टी फार तर ०.१५ मिलिमीटर वाढते. म्हणून ते तडकत नाही. हे कॉर्डिएराइट बनते शंखजिरे, चिनी माती आणि ॲल्युमिनाची पूड यांपासून, सुमारे १४०० अंशांवर भाजून. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस त्याचे पोळे बनवण्याची रीत बसवली गेली. तिचे तत्त्व आपल्या सोऱ्याचे: ओली माती साच्यातून दाबून बाहेर काढायची. फरक इतकाच की चकलीला एक तोंड असते, इथे हजारो.

आणि छिद्रे कुठून येतात? हे आम्हाला या सगळ्या विषयातले सर्वांत आपल्या मातीतले प्रकरण वाटते, आणि नेमके तेच कुठे लिहिलेले आढळत नाही. आपला कुंभार माठाच्या मातीत लीद, राख किंवा भुसा कालवतो. भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी पोकळी उरते, तिच्यातून पाणी झिरपते आणि माठ गार राहतो. कारखान्यात लिदीऐवजी स्टार्च किंवा ग्रॅफाइटची पूड घालतात. बाकी युक्ती तीच. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो, तेव्हा या कच्च्या मालाची टंचाई तरी आपल्याला नाही! विनोद बाजूला ठेवू. 'सच्छिद्र पदार्थ कसे बनवतात' हा प्रश्न गावच्या कुंभाराला विचारायला मुलांना पाठवले तर पुस्तकातल्या अर्ध्या पानापेक्षा जास्त शिकून येतील.

इथपर्यंत झाले कणांचे. वायूतून वायू वेगळा करायचा असेल तर चाळणीची उपमा आणखी अडचणीत येते. टॉमस ग्रॅहॅमने १८३३ साली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बुचातून वायू जाऊ देऊन दाखवून दिले की वायूच्या प्रसरणाचा वेग त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हायड्रोजन ऑक्सिजनच्या चौपट वेगाने जातो. इथे बुचाने कोणालाच अडवलेले नाही. दोघेही जातात, एक लवकर जातो. याला चाळणी म्हणण्यापेक्षा खळ्यावरची उपणणी म्हणावे. वाऱ्याला उभे राहून सुपातून धान्य सोडले की दाणे पायाशी पडतात, भूस लांब जाऊन पडते. सुपाला भोके नसतात आणि वारा कुणाला अडवत नाही, वेगळे होते ते वेगवेगळ्या वागण्याने. उपणणी आपल्या मुलांच्या आजीला येते, पुस्तकातही तिचा उल्लेख असतो, पण 'धान्य साफ करण्याची जुनी पद्धत' म्हणून. ग्रॅहॅमच्या नियमाशी तिची गाठ कोणी घालून देत नाही.

उपणणीत एकदा सोडून भागत नाही, हेही शेतकऱ्याला ठाऊक असते. फ्रान्समध्ये त्रिकास्तँ येथे १९७९ ते २०१२ या काळात युरेनियमचे समृद्धीकरण सच्छिद्र पटलांतून होत असे. युरेनियम हेक्झाफ्लोराइडच्या दोन प्रकारांची रेणुवस्तुमाने ३४९ आणि ३५२. भागाकाराचे वर्गमूळ काढा: १.००४३. एका पटलामागे फायदा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून तिथे तीच क्रिया एकामागून एक १४०० टप्प्यांत करत. चाळणी असती तर एकदाच चाळून भागले असते.

खरोखर चाळणीसारखी वागणारी पटलेही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. झिओलाइट किंवा सिलिकाच्या पातळ थरांत छिद्रे नॅनोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी असू शकतात, आणि तिथे हायड्रोजनचा रेणू शिरतो, मिथेनचा मोठा असल्याने अडतो. तिथे चाळणी म्हणायला आमची हरकत नाही. पण नावावर जाऊ नये. २०२१ साली जिल्हा रुग्णालयांतून ऑक्सिजनचे जे प्रकल्प उभे राहिले त्यांतल्या झिओलाइटला 'रेणुचाळणी' म्हणतात. प्रत्यक्षात नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही त्याच्या छिद्रांत शिरतात. नायट्रोजनला झिओलाइट जास्त घट्ट धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. चाळणी म्हणता म्हणता पुन्हा चिकटण्याचाच मामला निघाला.

हा गोंधळ टिकून राहिला आहे त्याचे एक कारण आमच्या मते पाणी हे आहे. वर्गात आपण गाळतो ते पाणी, घरी फिल्टरमधली कँडल गाळते तेही पाणी. पाण्यात सूक्ष्म कणाचे भरकटणे हवेतल्यापेक्षा शंभरपटीहून अधिक मंद असते, आणि कँडलच्या बारीक छिद्रांपुढे जिवाणू बऱ्याच अंशी आकारानेच अडतात. तिथे चाळणी पुष्कळशी चालते. तोच अनुभव आपण सवयीने वायूला लावतो. पाठ्यपुस्तकात 'मिश्रणातील घटक वेगळे करणे' या भागात द्रव आणि वायू यांतला हा फरक एका परिच्छेदात सांगता येईल. पाने वाढणार नाहीत.

साठ-सत्तर मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि एका वाक्यात उत्तर मागणारी परीक्षा, यांत शिक्षकाने काय करायचे हा प्रश्न रास्त आहे. उपमा सोडा असे आम्ही म्हणत नाही. उपमा दिल्यावर ती कुठे मोडते तेही विचारा, एवढेच म्हणतो. साहित्य फार लागत नाही. उदबत्तीचा धूर भरलेली बाटली, कापसाचा बोळा बसवलेली नळी आणि दवाखान्यातली मोठी सिरिंज घ्या. बोळ्यातून धूर एकदा झटकन ओढा, एकदा अगदी सावकाश ओढा आणि सिरिंजमध्ये किती धूर आला ते काळ्या कागदासमोर धरून पाहा. चाळणी असेल तर वेगाने फरक पडू नये. कण भरकटून अडकत असतील तर सावकाश ओढल्यावर कमी धूर यावा. बोळा किती घट्ट आहे यावर पुष्कळ अवलंबून आहे, दोन-चारदा करून पाहावे लागेल.

वायूंसाठी रंग न दिलेले, कोरडे मातीचे बोळके घ्या. त्याचे तोंड बुचाने आणि मेणाने बंद करून बुचातून काचनळी पाण्यात सोडा. जस्त व सौम्य आम्लापासून मिळवलेला हायड्रोजन उपड्या चंचुपात्रात जमवून ते बोळक्यावर धरा. जवळपास ज्योत मुळीच नको. नळीतून बुडबुडे येतील. चंचुपात्र काढून घेतले की काही वेळाने नळीत पाणी वर चढू लागेल. मग नववी-दहावीच्या मुलांना इतकेच विचारा: बोळके जर चाळणी असेल, तर आत आधीच असलेल्या हवेला बाहेर जायला वाट असताना बुडबुडे का आले? आणि चंचुपात्र काढल्यावर पाणी वर का चढले? पहिल्या प्रश्नाला बरीच मुले 'हायड्रोजन बारीक असतो' असे उत्तर देतील. त्याला गुण देऊ नका, पण त्या मुलाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच कारणाने द्यायला लावा.